नायिकेचे हात

अमूल्य कुंडूचा चेहरा बघून त्याला कुणी सिनेमात घेतलं नसतं. नाक बसकं, कान ऐसपैस, आणि ओठांवर कायम असं ओशाळं हसू, की ह्यानं नुकताच कुणाच्या तरी पायावर पाय दिला असावा. पण चेहऱ्यावर केलेली काटकसर देवानं मनगटाच्या पुढे भरून काढली होती. लांबसडक, निमुळती बोटं, गोल नखं, आणि रंग असा की उन्हात कधी गेलेच नसतील. त्याची बायको बीथिका म्हणायची, लग्नाआधी मला नुसते हात दाखवले असते तर मी बाकीचं न बघता होकार दिला असता. बाकीचं बघूनही तिनं होकारच दिला होता, हे मात्र ती कुणाला सांगायची नाही.

ह्या हातांनी अमूल्य सतार वाजवायचा आणि बरी वाजवायचा. उगाच वाढवून कशाला सांगा, उस्ताद नव्हता तो. टॉलीगंजच्या स्टुडिओंमध्ये वादकांच्या ताफ्यात मागे कुठेतरी बसलेला असे. त्या दिवसांत एक तरी पक्कं गाणं असल्याशिवाय बंगाली सिनेमा पुरा व्हायचा नाही. पडद्यावरची माणसं बंगालीत भांडायची, बंगालीतच प्रेम करायची, पण दुःख डोक्यावरून जायला लागलं की हिंदुस्थानी बंदिश म्हणायची. शब्द थिएटरातल्या निम्म्या लोकांना कळत नसत. पण जौनपुरीचा धैवत लागला की मागच्या बाकावरचा ट्राम-कंडक्टरसुद्धा विडी विझवून सरळ बसायचा.

अशाच एका गाण्यात नायिकेच्या हातात सतार द्यायची होती. बाई देखणी होती, रडायचीही सुरेख, पण सतार तिनं अशी धरली की जणू नवऱ्याला बडवायला लाटणं उचललंय. कॅमेरामन वैतागून इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याची नजर अमूल्यच्या बोटांवर पडली. झालं. त्या दिवशी अमूल्यला कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं चढवलं, हातावरचे केस काढले, पावडर लावली, आणि नायिकेच्या ठिकाणी बसवलं. मिशी तशीच राहू दिली, ती दिसणार नव्हती.

मग तो पायंडाच पडला. गळा बउबाजारच्या एखाद्या वयस्क गाणाऱ्या बाईंचा, चेहरा नायिकेचा आणि हात अमूल्यचे, अशी तिघं मिळून पडद्यावर एक बाई उभी राहायची. सकाळी नायिकेचा चेहरा टिपून व्हायचा, त्याला बराच वेळ लागे. दुपारी भोंग्यातून तेच गाणं पुन्हा लावायचे आणि अमूल्यचे हात चालायचे. हात एका दमात व्हायचे. दिग्दर्शक खूश, निर्माता त्याहून खूश.

अडचण एकच होती, बांगड्यांची. सवाष्ण बंगाली बाईच्या मनगटात शंखाची पांढरी बांगडी हवीच, ती नसली तर नवरा नाही असा सरळ अर्थ. आणि शंख काही ताणला जात नाही. बाईच्या मापाची बांगडी पुरुषाच्या पंजावरून जायची कशी? बीथिकानं ह्यावर तोड काढली. बागबाजारच्या शंखाच्या कारागिराकडून तिनं एक जोडी मधोमध कापून आणली. मनगटावर दोन अर्ध्या जुळवायच्या, खालून मेण लावायचं आणि वरून साबूत सवाष्णपण मिरवायचं. कारागिरानं विचारलं, असली जोडी कुणाला हवी? बीथिकानं सांगितलं, घरात एक जाड बाई आहे.

हे घर म्हणजे चेतल्यातलं भवतोष साहांचं घर, आणि अमूल्य तिथला घरजावई. पाबन्याचं त्याचं गाव फाळणीत पलीकडे राहिलं, तो एक सतार आणि दोन धोतरं घेऊन कलकत्त्याला आला होता. भवतोषबाबूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, खिळे. एकुलती एक मुलगी. जावई मिळेल आणि गल्ल्यावर बसायला माणूसही मिळेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. लग्न ठरताना त्यांनी दुकानाचं विचारलं तेव्हा अमूल्य ओशाळं हसून म्हणाला होता, बघू. ते 'बघू' तीन वर्षं चाललं होतं.

भवतोषबाबू मनानं वाईट नव्हते. जेवताना माशाचं डोकं जावयाच्याच ताटात वाढायला लावत आणि मग ते खात असताना बिजागऱ्यांचे भाव सांगत. खरी जरब होती ती त्यांच्या मोठ्या बहिणीची. क्षेमंकरी तिचं नाव, बीथिकाची आत्या. बंगाल्यांत आत्याला पिशी म्हणतात, म्हणून सगळी गल्ली तिला पिशीच म्हणायची. लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली, पांढरं लुगडं, कातरलेले केस, आणि जीभ अशी की गल्लीतले कोळीसुद्धा तिला ताजाच मासा दाखवत, ती स्वतः मासे खात नसूनही. बीथिकाची आई लवकर गेली, पोरीला पिशीनंच वाढवलं. घरात पिशीचा शब्द शेवटचा.

"जावईबापू सिनेमात आहेत," ती आल्यागेल्याला सांगायची. "कुठे आहेत ते अजून दिसलेले नाहीत. पण आहेत."

नायिकेचे हात आपले आहेत हे अमूल्यनं घरात बीथिकाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? सासऱ्यानं दुकानाचा विषय काढल्यावर 'मी पोलकं घालून बांगड्या भरतो' असं म्हणायचं? चेतल्याच्या बाजारात सासऱ्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. नवराबायको दोघं मिळून हे गुपित सांभाळत. दुपारी पिशी झोपली की बीथिका दार लावून त्याच्या हातांना साय आणि हळद चोळायची, नखं घासायची. माझ्या हातांना जन्मात असं कुणी जपलं नाही, असं कुरकुरत करायची, पण करायची मनापासून.

त्या वर्षी हिवाळ्यात धूर्जटीबाबू नावाच्या दिग्दर्शकानं एक सिनेमा काढला. जमीनदाराच्या घरची सून, नवरा परागंदा झालेला, ती पहाटे गच्चीवर सतार घेऊन बसते आणि त्याची वाट बघत गाते. आता खरं म्हणजे गाणारी बाई सतार वाजवत गात नाही, एवढं अमूल्यला कळत होतं. पण धूर्जटीबाबूंना सतार दिसायला हवी होती. बउबाजारच्या बाईंनी जौनपुरी अशी गायली होती की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तबलजी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन डोळे पुसून आला. असं गाणं आपल्या बोटांना मिळालं म्हणून अमूल्य दोन दिवस तरंगत होता.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी बीथिका त्याची पिशवी भरत होती. कापलेली जोडी हातात घेतली आणि दारात पिशी. काय गं करतेस, म्हणून पिशी सरळ आत आली आणि पलंगावर ऐसपैस बसली. बीथिकानं हाताशी असलेल्या मुढीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या, डब्यात बांगड्या टाकल्या आणि झाकण लावलं. पिशी उठेचना. तिनं शेजारच्यांच्या सुनेपासून कोबीच्या भावापर्यंत सगळं काढलं. शेवटी ट्रामची वेळ टळायला लागली तसा अमूल्य रिकामी पिशवी घेऊन निघाला. स्टुडिओत काहीतरी व्यवस्था होईल, असं त्याला वाटलं.

स्टुडिओत रंगभूषेला गोलापदी होती, पन्नाशीची, तोंडात कायम पान. तिच्या पेटीत एक नवी जोडी होती, न कापलेली. तिनं अमूल्यच्या पंजाला साबण लावला, त्याचा अंगठा आत दाबला आणि देवाचं नाव घेऊन ओढली. बांगडी कटकन वाढली. हो, वाढलीच म्हणायचं, असल्या वेळी मोडली म्हणत नाहीत.  दिवे धरणारी माणसंसुद्धा दिवे खाली ठेवून बघायला लागली. गोलापदीनं तुकडे कपाळाला लावले. मग वाद सुरू झाला की हा अपशकुन नेमका कुणाच्या नवऱ्याला. नायिका म्हणाली, मला नव्हे, माझ्या हातात नव्हती. अमूल्य म्हणाला, मला नवराच नाही. गोष्टीतल्या नवऱ्याचं काम करणारा नट कोपऱ्यात चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि तो गंगेवर नमस्कार करून येतो म्हणून निघून गेला.

दुसऱ्या हातात बांगडी घालायला गोलापदीनं साफ नकार दिला. एक अमंगळ पुरे म्हणाली. स्टुडिओची वेळ संपत आली होती. धूर्जटीबाबूंनी फर्मावलं की पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून मनगटापर्यंत आणा, थंडीची पहाट आहे, शोभेल. भोंग्यातून जौनपुरी सुरू झाली आणि अमूल्यनं डोळे मिटले. मग त्याला पोलकंही आठवलं नाही आणि पदरही. तानेबरोबर पदर घसरत घसरत कोपरावर जाऊन बसला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांचे डोळे बोटांवर. पुढे कापाकापीच्या खोलीतही चार पुरुषांनी फिल्मचे ते तुकडे पुन्हापुन्हा पाहिले आणि वाहवा म्हणत जोडले. बायकोच्या मनगटात काय आहे हे बघणारा पुरुष त्या खोलीत एकही नव्हता.

सिनेमा चैत्रात लागला. त्याच आठवड्यात भवतोषबाबूंनी जेवताना विषय काढला. वैशाखाच्या पहिल्या दिवशी दुकानाचं नवं वर्ष, पूजा होईल, गिऱ्हाइकांना मिठाई वाटली जाईल, आणि त्या दिवसापासून अमूल्य गल्ल्यावर बसेल. सतार संध्याकाळी वाजवावी, हरकत नाही. अमूल्यनं हातातला घास परत ताटात ठेवला. दुकानात खिळ्यांच्या पेट्या उचलायच्या, पत्र्याच्या कडा, गंजलेल्या साखळ्या. दोन महिन्यांत ह्या हातांचं काय होईल हे त्याला दिसत होतं, आणि गाणी दुपारी होतात, संध्याकाळी नव्हे.

बीथिका बापाशी भांडायला उठली. पिशीनं तिला हातानं खाली बसवलं.

"थांबा," पिशी म्हणाली. "भवा, आधी ह्यांचा तो सिनेमा बघू. मीही येते. माणूस कामाचा दिसला तर राहू दे तिथं. नाहीतर खिळे मोजायला माणूस लागतोच आहे."

पिशीनं जन्मात थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. रात्री बीथिकानं नवऱ्याला समजावलं की नुसते हात असले तरी हात आहेत, मी सांगेन सगळं, बांगड्यांचंही सांगेन. अमूल्य म्हणाला, तुझ्या बाबांच्या डोळ्यांसमोर मी त्यांच्या मुलीच्या नवऱ्याऐवजी कुणाची तरी बायको होणार आहे, एवढं फक्त ध्यानात ठेव. दोघांनाही हसू आलं, पण झोप काही आली नाही.

तीनच्या खेळाला चौघं गेली. पिशीनं बाहेरचं काही खायचं-प्यायचं नाही म्हणून गंगाजळाचा तांब्या बरोबर घेतला होता, आणि दारावरच्या माणसानं तिकीट फाडलं तर त्याच्याशी भांडली, की पैसे देऊन घेतलेलं फाडतोस काय. बसली ओळीनं अशी: कडेला पिशी, मग बीथिका, मग अमूल्य, मग भवतोषबाबू. दिवे मालवले. पडद्यावर जो कुणी पुरुष येई त्याला बघून भवतोषबाबू कोपरानं ढोसत विचारायचे, बाबाजीवन, हा तू का? जमीनदार आला, वैद्य आला, घोडागाडीवाला आला. प्रत्येक वेळी अमूल्य मान हलवायचा. नाही, हा नाही. तोही नाही.

मग गच्चीवरची पहाट आली. नायिका लाल काठाच्या साडीत, भांगात सिंदूर, हातात शंखाच्या बांगड्या. बाईंचा आवाज उठला. थिएटर शांत झालं. आणि पडद्यावर हात आले, दहा हात रुंद, सतारीच्या पडद्यांवरून फिरणारे, सुंदर हात. मनगटं उघडी. उघडी म्हणजे अगदी उघडी.

आधी बायकांमधून एक सुस्कारा आला. मग कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, गेला का हिचा नवरा?" दुसरी म्हणाली, "कधी गेला? आत्ता तर होता." एक म्हातारी रडायलाच लागली. तेवढ्यात पडद्यावर नायिकेचा चेहरा आला, बांगड्यांसकट, सिंदुरासकट. "आहे गं, आहे," मागून आवाज आला, आणि म्हातारीनं डोळे पुसले. तान सुरू झाली, पुन्हा हात. "गेला!" सगळी ओळ एका सुरात म्हणाली. पुन्हा चेहरा. "आला!" आता पुरुषांमध्ये हशा पिकला. गाणं पुढे जात होतं, बाई जीव ओतून गात होत्या, आणि प्रत्येक आवर्तनाला एक नवरा मरत होता आणि समेवर जिवंत होत होता. एकूण किती वेळा मेला ह्यावर पुढे चेतल्याच्या चहाच्या दुकानात महिनाभर एकमत झालं नाही.

अमूल्य खुर्चीत खाली खाली सरकत गेला. त्याला एकदम सगळं आठवलं, मुढीचा डबा, साबण, घसरलेला पदर. बाईंच्या एवढ्या मोठ्या गाण्याचा आपल्यामुळे तमाशा झाला, ह्याची त्याला इतकी लाज वाटली की दुकानाचं काय होणार हेही क्षणभर तो विसरला. बीथिकानं अंधारात त्याचा हात धरला. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय हे त्याला कळेना. ती दोन्ही करत होती.

भवतोषबाबू हसून हसून लाल झाले होते. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बाबाजीवन, तू कधी येणार?"

"येऊन गेलो, बाबा."

"कधी? मी डोळ्यांत तेल घालून बसलोय."

"ते हात," अमूल्य म्हणाला. "ते माझे होते."

भवतोषबाबूंनी पडद्याकडे बघितलं, मग जावयाच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.  सिनेमातला नवरा शेवटी परत आला तेव्हा सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं, इतकं मरून आलेला माणूस तो. भवतोषबाबू बसूनच राहिले.

पिशी मात्र त्या गाण्यापासून अवाक्षर बोलली नव्हती. ना हसली, ना रडली. घोडागाडीत बसतानाही गप्प. पिशी गप्प म्हणजे काहीतरी भयंकर येणार, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर भवतोषबाबूंनी ओसरीवर बैठक घेतली. त्यांना राग आला नव्हता, उलट वाईट वाटत होतं, आणि ते त्यांनी सरळ बोलून दाखवलं. माणसानं पोटासाठी काहीही करावं, पण पोलकं घालून विधवा व्हायची वेळ आपल्या जावयावर यावी, आणि तेही घरात चालतं दुकान असताना? उद्यापासून नको, ठरल्याप्रमाणे वैशाखाच्या पहिल्या दिवसापासूनच ये, म्हणाले. बीथिका बोलू लागली, पण अमूल्यनंच तिला थांबवलं. आज त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धूर्जटीबाबू त्याला पुन्हा दारात उभं करतील की नाही ह्याचीसुद्धा खात्री नव्हती. येईन बाबा, असं तो म्हणणार तोच आतून पिशी आली. आंघोळ करून आली होती, लुगड्याच्या टोकानं डोकं पुसत. ती अमूल्यसमोर पाटावर बसली.

"हात दाखवा."

त्यानं हात पुढे केले. तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात भाजी बघावी तसे.

"बांगड्या मुद्दाम काढल्या होत्या?"

हो म्हणावं, असं अमूल्यच्या मनात येऊन गेलं. दिग्दर्शकाची कल्पना होती, त्यात काहीतरी खोल अर्थ आहे, असं सांगता आलं असतं. पण पिशीशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"नाही, पिशी. चूक झाली. बांगडी पंजावरून जाईना, वाढली. मग पदर घेतला, तो घसरला. गाण्याच्या नादात मला कळलंच नाही."

"चूक," पिशी म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उतरला. मग तिनं मान हलवली. "चूक तर चूक."

आणि ती सांगायला लागली, सगळ्यांना, पण बघत होती त्याच्याच हातांकडे. नवद्वीपला बापाच्या घरी एक म्हातारे शिक्षक भवाला सतार शिकवायला यायचे. भवा पतंग उडवायला पळायचा. पैसे फुकट जायला नकोत म्हणून बाप म्हणाला, तू बस. ती बसली. दोन वर्षं बसली, चांगला हात बसला होता. जौनपुरी नव्हती शिकली, भैरव शिकली होती. मग लग्न झालं, आणि अकराव्या वर्षी परत आली. घाटावर बायकांनी दगडानं बांगड्या वाढवल्या. घरी आल्यावर तिला दुसरं काही सुचेना म्हणून ती सतारीपाशी जाऊन बसली, तर आजीनं सतार उचलून माळ्यावर टाकली.

"आजी म्हणाली, रिकामा हात वाद्यावर बरा दिसत नाही," पिशी म्हणाली. "मी लहान होते, मला ते खरंच वाटलं. इतकी वर्षं खरं वाटत होतं. आज एवढा मोठा हात बघितला, रिकामा. सगळे हसत होते, रडत होते. मी नीट बघत होते. चांगला दिसतो रे. वाईट काही दिसत नाही त्यात."

 भवतोषबाबू खाली बघायला लागले. पतंगाची गोष्ट त्यांनी आपल्या मुलीला शंभरदा हसत सांगितली होती, पुढची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.  अमूल्य उठला, आत गेला आणि सतार घेऊन आला. ती त्यानं पिशीसमोर ठेवली.

"आत्ता नको," पिशी म्हणाली, आणि म्हणता म्हणता सतार जवळ ओढून घेतली. "विसरले असेन सगळं. बोटं काठ्यांसारखी झालीत."

"मऊ होतील," बीथिका म्हणाली. "साय आणि हळद आहे घरात."

अमूल्यनं आपल्या बोटातली नखी काढून पिशीच्या बोटात बसवायला घेतली. ती सैल होत होती, त्यानं चिमटीनं दाबून बेताची केली. भवतोषबाबूंनी घसा साफ केला.

"दीदी, पण मग दुकानाचं?"

"भवा, बिजागऱ्या विकायला कुणाचेही हात चालतात," पिशी म्हणाली. "तुझ्या मामेभावाचा मुलगा बसेल. ह्याचे मला लागणार आहेत, रोज सकाळी. दुपारी सिनेमावाल्यांना दे हवं तर. आणि अमूल्य, तू मला लहान पोरीसारखं शिकवू नकोस, मला थोडं येतं."

भवतोषबाबूंनी मान डोलावली. मग ते उठले आणि कोपऱ्यातला पाट ओढून समोर येऊन बसले, मांडी घालून, शिक्षकांसमोर बसावं तसे. पिशीनं आपलं उघडं मनगट भोपळ्यावर टेकवलं आणि पहिली तार छेडली.